भिंतीचं भाषण

त्याला सगळे भिंत म्हणायचे. तरुणपणाची सगळी वर्षं त्याने क्लबाच्या गोलपोस्टमध्ये उभं राहून काढली होती, आणि समोरून कितीही जोरात चेंडू आला तरी तो मागे जाऊ देत नसे, म्हणून हे नाव पडलं. फुटबॉल सुटल्यावर त्याने गाडी शिकवायची शाळा काढली. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या शेजारी बसून क्लच दाबला होता आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याच्या नावाने स्टँडमधून घसा बसवला होता. आता साठी उलटून गेली होती, पोट सुटलं होतं, गुडघे कुरकुरत होते. तरी बाजारात गेला की कोबी निवडणारा माणूस मान वर करून विचारायचाच, ''काय भिंत, काय म्हणतोय आपला क्लब?''

त्या वर्षी क्लब काही बरं म्हणत नव्हता. पूर्वेकडच्या स्टँडचे खांब नगरपालिकेच्या इंजिनियरने ठोकून पाहिले, एका ठिकाणी हाताने खपली काढून दाखवली आणि वरच्या पायऱ्यांना टाळं लावलं. खालच्या चार रांगा तेवढ्या चालू ठेवल्या. बाकीचे स्टँडही आज ना उद्या त्याच वाटेने जाणार हे कुणाला सांगायला नको होतं. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की हेच मैदान पाडून नव्याने बांधायचं, की सरळ दुसरीकडे जायचं?

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांचं मत होतं, जायचं. बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे, गोदामं संपतात तिथे, मोकळी जागा मिळत होती. हवं तेवढं ऐसपैस स्टेडियम, पाठ टेकायच्या खुर्च्या, शेकडो गाड्या लावायची सोय. जुनं मैदान एका बाजूला शाळेची भिंत आणि दोन बाजूंना लोकांची घरं यांच्यामध्ये असं चेपलेलं, की चेंडू उंच उडाला तर कुणाच्या तरी गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीत सापडायचा. ''किडलेल्या दातावर किती वेळा चांदी भरणार?'' डॉक्टर विचारायचे.

दुसऱ्या बाजूचा म्होरक्या होता भिंतीचा मेहुणा. त्याचं किल्ल्या-कुलपांचं दुकान मैदानाच्या दरवाजासमोरच होतं, आणि क्लबाच्या कमिटीवर तो इतकी वर्षं होता की त्याच्याशिवाय कमिटी कशी दिसते हे कुणाला आठवत नव्हतं. त्याचं म्हणणं, मैदान म्हणजे काही कपाट नाही, उचललं आणि दुसऱ्या खोलीत ठेवलं. एकेक स्टँड पाडा, एकेक बांधा. दोन-तीन हंगाम दुसऱ्याच्या दारात खेळावं लागेल, जागा कमी होतील, होऊ देत. लोक पायी येतात, पायी जातात, हे सुख त्या गोदामांपलीकडे कुठलं?

सभासदांची सभा ठरली. मेहुणा एका रविवारी सकाळीच बहिणीच्या घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला.

''भाऊजी, शेवटचं भाषण तुम्ही करायचं,'' तो म्हणाला. ''तुम्ही उभे राहिलात की विषयच संपला. डॉक्टर दात पाडेल, भिंत नाही पाडू शकणार.''

भिंत हसला. त्याला बोलायची आवड होती, आणि विषयही त्याच्या मनातलाच. ''बोलतो की. त्यात काय! माझं अर्धं आयुष्य त्या गवतात गेलंय.''

त्याची बायको ओट्यापाशी चहा गाळत होती. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. माणूस आत आला की नाकावरूनच ती ओळखायची, याला कुठली फ्रेम बसेल. लग्न झाल्यापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने चुकवला नव्हता. तिने दोघांसमोर कप ठेवले. तिचं मत काय, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

सभेआधी घरच्या मैदानावर एकच सामना उरला होता. भिंतीच्या एका गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. जुन्या खेळाडूंची रांग पश्चिमेला, वर, कपडे बदलायच्या खोल्यांच्या माथ्यावर होती. तो नेहमी तिथेच बसायचा आणि बायको पूर्वेला तिच्या मैत्रिणींबरोबर. सामना संपला की दोघं दरवाजाशी भेटायचे आणि घरी जायचे. या वेळी जिना चढणं शक्यच नव्हतं. म्हणून काठी टेकत टेकत तो बायकोबरोबर पूर्वेकडच्या सगळ्यात खालच्या बाकावर जाऊन बसला.

''अगं, इथून तर पलीकडचा गोल दिसतच नाही!''

''आम्हाला सवय आहे,'' ती म्हणाली.

त्या बाकावर सगळ्या बायकाच होत्या, वरच्या पायऱ्यांना टाळं लागायच्या आधीपासून त्यांची जागा हीच. कुणी कुणाची आई, कुणी बायको, कुणी नुसती आपल्या हौसेने येणारी. शेजारी एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्या पंचांना अशा काही शिव्या घालत की भिंतीला आपल्या खेळायच्या दिवसांतले बचावाचे बॅक आठवले. पहिला अर्धा वेळ छान गेला. मध्यंतर झालं तसा तो उठला, टपरीवर जाऊन दोन चहा घेऊन आला. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या बोटांत दोन कप, अशी ती कसरत होती. त्यामुळे त्याला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं.

बायकोने कप घेतला, दोन्ही हातांत धरून ठेवला, ऊब घेतली, आणि सामना पुन्हा सुरू झाल्यावर हळूच बाकाखाली ठेवून दिला.

''थंड होतोय तो.''

''असू दे. नकोय मला.''

त्याने इकडेतिकडे पाहिलं. अख्ख्या रांगेत चहाचा एकही कप नव्हता. पाण्याची बाटली नव्हती. पश्चिमेला मध्यंतरात एवढा चहा वाहतो, आणि इथे बायका थंडीत नुसत्या हात चोळत बसलेल्या.

''तुमच्याकडे काय उपास आहे का सगळ्यांचा?'' त्याने गमतीने विचारलं.

नर्सबाई मैदानावरची नजर न काढता म्हणाल्या, ''चहा प्यायला तर जायचं कुठे?''

''म्हणजे?''

''म्हणजे बाथरूमला हो! सामन्याच्या दिवशी सकाळचा चहा झाला की आम्ही तोंडाला कुलूप लावतो. मग घरी जाऊनच पाणी. तुमची बायको तर तोही अर्धा कप घेते.''

भिंतीने बायकोकडे पाहिलं. ती खेळाकडे पाहत होती. कान मात्र लाल झाले होते.

क्लब तो सामना जिंकला, पण भिंतीला पुढे विचारलं असतं तर गोल कुणी मारला हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला दुसरंच काही आठवत होतं. बायकोला दोनदा लघवीच्या जागी जंतू होऊन सणसणून ताप भरला होता. एकदा तर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या, अडवून धरू नका. त्यावर घरी येऊन यानेच तिला लेक्चर दिलं होतं. जेवताना तिच्यापुढे तांब्या आपटून म्हणाला होता, ''पीत जा जरा! स्वतःच्या जिवाचं स्वतःला कळायला नको?''

घरी जाताना तो म्हणाला, ''मला कधी बोलली नाहीस.''

''बोलले होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, कमिटीला सांगतो. दोन-तीन वर्षांनी परत बोलले. मग सोडून दिलं.'' ती चालता चालता जरा थांबली, त्याच्या काठीसाठी. ''भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमचीच भिंत कशी बिनकानाची निघाली कोण जाणे.''

ती हे हसत म्हणाली. त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या दोन तासांच्या मध्ये त्याने गाडी मैदानाकडे वळवली. पूर्वेच्या स्टँडखाली एक दार होतं. त्यावर बाईचं चित्र होतं, अर्धं उडालेलं. या दारावरून तो आयुष्यभर येत-जात होता, पण ते उघडायची वेळ त्याच्यावर कशाला येणार? आत चुन्याची पोती, जुनी जाळी, कोपऱ्यावर रोवायच्या झेंड्यांच्या काठ्या. त्यांच्या मागे संडासाचं एकच भांडं, तेही तडकलेलं. नळ कोरडा. दाराला कडी नव्हती, आतून धरायला सुतळी बांधली होती. कुलपाचा धंदा करणारा माणूस कमिटीवर, आणि दाराला सुतळी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मेहुण्यावर चिडायला त्याला तोंड नव्हतं. त्याने दार ओढून घेतलं.

तिथून तो थेट दातांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ठेवला आणि आतल्या खोलीत नव्या स्टेडियमचा पुठ्ठ्याचा नमुना दाखवला. भिंतीने सगळ्यात आधी विचारलं, ''बायकांची बाथरूमं कुठे?'' डॉक्टरांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा वर सरकवला, नमुन्यावर बोट फिरवलं. ही इथे, ही इथे, प्रत्येक स्टँडखाली रांग.

''मी तुमच्या बाजूने बोलणार,'' भिंत म्हणाला.

डॉक्टरांना एवढा आनंद झाला की पेशंटच्या तोंडातला कापूस ते विसरले.

घरी भिंतीने अवाक्षर काढलं नाही. मेहुण्याचा फोन आला तेव्हाही ''बघ तू, कसं बोलतो ते'' एवढंच म्हणाला. बायकोला सुखद धक्का द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. इतक्या वर्षांची चूक एका भाषणात धुऊन निघेल असं त्याला वाटत होतं.

सभा शाळेच्या सभागृहात भरली. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. नकाशे झाले, वादावादी झाली. एकाने डॉक्टरांना 'क्लब उपटायला निघालेत' म्हटलं, दुसऱ्याने मेहुण्याला विचारलं की मैदान गेलं तर तुमचं दुकान कोण बघणार. शेवटी भिंत उठला. काठी टेकत पुढे गेला तसा हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मेहुणा छाती काढून बसला होता. बायको मधल्या रांगेत, नर्सबाईंच्या शेजारी.

''मी इथे वेगळंच बोलायला येणार होतो,'' त्याने सुरुवात केली. ''या मैदानाने मला नाव दिलं. पण माझी बायको तिथे इतकी वर्षं येते, आणि सामन्याच्या दिवशी ती पाणी पीत नाही.''

मग त्याने सगळं सांगितलं. तो चहाचा कप, चुन्याची पोती, सुतळी. बायकोचा ताप सांगितला, दवाखाना सांगितला, जंतू कुठे झाले होते तेही सांगितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, एकजण ओरडला, ''अरे, वहिनींना पाणी द्या!'' भिंतीला ते ऐकूच आलं नाही. ''जिथे आपल्या बायकांना साधं बाथरूमला जाता येत नाही, ते मैदान माझं नाही,'' तो म्हणाला. ''म्हणून मी म्हणतो, जाऊ या.''

मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आपल्याच गोलकीपरने आपल्याच जाळ्यात चेंडू टाकल्यावर होतो तसा. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागणार, तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला.

''मला बोलायचंय.''

ती उभी राहिली होती. चेहरा लालबुंद. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, ते असं की तो काठीसकट एक पाऊल मागे सरकला.

''माझ्या दुखण्याची दवंडी पिटायला मी कुणाला सांगितलं नव्हतं,'' ती म्हणाली. ''आता पिटलीच आहे, तर पुढचंही ऐका. मला कुठेही जायचं नाहीये. त्या गोदामांकडची शेवटची बस संध्याकाळी किती वाजता सुटते ते तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? मी पाहिलंय. सामना लांबला की आम्ही काय चालत यायचं, अंधारातून? ज्यांच्याकडे गाडी आहे ते जातील. या बाईंकडे नाही, माझ्या मागे बसल्यात त्या दोघींकडे नाही. मला मैदान इथेच हवंय. मला फक्त बाथरूम हवंय!''

आता मात्र हसू फुटलं. पण या वेळी ते तिच्या बाजूचं होतं. नर्सबाईंनी पुढच्या खुर्चीची पाठ बडवली.

मेहुणा टुणकन उठला. ''ताई, एक सोडून दहा बांधू! माझा शब्द!''

''तू खाली बस,'' ती म्हणाली. ''इतकी वर्षं कमिटीवर आहेस. तुझ्या दुकानातून ते दार दिसतं. तुझ्या शब्दाला मी काय चाटू? कागदावर आण.''

मेहुणा बसला.

डॉक्टर म्हणाले की हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही. ती म्हणाली, ''मग घ्या पत्रिकेवर.'' खिडकीतल्या लोकांनी गिल्ला केला, तेव्हा डॉक्टरांनी घेतला. ठरावात लिहिलं गेलं, की इथेच बांधायचं झालं तर पहिल्यांदा पूर्वेचा स्टँड, आणि त्याच्या नकाशाला बायकांनी होकार दिल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

मग हात वर करून मतं घेतली. राहायचं म्हणणारे जास्त निघाले, पण थोडक्यात. हात दोनदा मोजावे लागले. भिंतीचा हात कुठल्याच वेळी वर गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोन्ही बाजूंचे चेंडू तसेच जाऊ दिले.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, दिवा लावला आणि मग त्याच्याकडे वळली.

''दुकानात उद्या लोक चष्मा घ्यायला येतील की माझी चौकशी करायला?''

''मला वाटलं, तुला बरं वाटेल...''

''वाटलं! तुम्हाला नुसतं वाटतं आणि भोगायचं मी. आधी मी सांगितलेलं ऐकलं नाहीत. आता ऐकलंत, तर मला न विचारता माझ्या वतीने निकाल लावून मोकळे. दोन्ही वेळा मी होतेच की घरात. एवढंच विचारायचं होतं, अगं, तुला काय हवंय?''

''चुकलं माझं,'' तो म्हणाला. ती ''हो'' म्हणाली आणि आत गेली. पुढचा आठवडाभर ''जेवायला या'' आणि ''दार लावून घ्या'' याखेरीज ती त्याच्याशी बोलली नाही. मेहुणाही बोलत नव्हता. भाऊजींनी ऐन वेळी पेनल्टी दिली, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, मग गिऱ्हाईक किल्ली करायला आलेलं असो की नुसतं पत्ता विचारायला.

बांधकामाच्या कमिटीवर तिला आणि नर्सबाईंना घेतलं. दर बुधवारी दुकान सुटलं की ती जायची. आर्किटेक्ट तरुण होता. पहिल्या नकाशात त्याने पुरुषांना आणि बायकांना सारखीच जागा दिली होती आणि त्याला त्याचा अभिमान होता. नर्सबाईंनी त्याला समजावलं, की बाईला वेळ जास्त लागतो, बरोबर लहान मूल असतं, हातात पिशवी असते, ती कुठे अडकवायची? तो पोरगा लाजला, पण पुढच्या बुधवारी नवा नकाशा घेऊन आला. ती घरी येऊन हे सांगायची. हळूहळू बोलणं सुरू झालं ते असं, खुंट्या आणि दारांच्या उंचीवरून.

डॉक्टरांचंही सगळंच खोटं ठरलं नाही. काम रखडलं. क्लब तीन हंगाम शेजारच्या शहरातल्या मैदानावर खेळला. तिथले लोक बसायला खुर्च्या दिल्या हेच मोठे उपकार असल्यासारखे वागायचे, आणि घरचा सामना घरचा वाटायचा नाही. तिसऱ्या हंगामात क्लब एक पायरी खाली घसरला. डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि दाढ भरता भरता ते ऐकवायचे, ''मी सांगितलं होतं.'' पेशंटला उत्तर देता येत नसे.

त्या तीन वर्षांत सगळे एकाच भाड्याच्या बसने जायचे. एकदा परतीच्या वाटेवर बस बंद पडली. मेहुणा आणि भिंत दोघेही खाली उतरून इंजिनात डोकं घालून उभे राहिले. बस कशी चालते ते भिंतीला ठाऊक होतं, बोनेटचं अडकलेलं कुलूप कसं उघडायचं ते मेहुण्याला. हात काळे होईपर्यंत दोघांनी खटपट केली. बस काही सुरू झाली नाही, पण दुसरी गाडी येईपर्यंत दोघे रस्त्याच्या कडेला दगडावर बसून क्लबाच्या डिफेन्सला शिव्या घालत होते. बायको खिडकीतून ते बघत होती. ती नर्सबाईंना म्हणाली, ''सुटला बाई यांचा अबोला एकदाचा.''

नवं मैदान तयार झालं तेव्हा जुन्यापेक्षा लहानच होतं. उत्तरेचा कोपरा छपराशिवाय राहिला होता. चादरी तशाच गच्च्यांवर वाळत होत्या. पहिल्या सामन्याच्या दिवशी भिंत सकाळपासून बायकोच्या मागे मागे होता. आता त्याला विचारायची सवय लागली होती, नको तितकी. चहा टाकू का, छत्री घेऊ का, कुठल्या दरवाजाने जायचं, आधी निघायचं की नंतर.

''अहो, प्रत्येक गोष्ट काय विचारताय? घ्या छत्री!'' ती वैतागली.

दरवाजाशी तो तरीही थांबला. ''बसायचं कुठे?''

याचा तिने विचार केलेला होता. ''मला वर बसायचंय. सगळ्यात वरच्या रांगेत. मला कधीच पलीकडचा गोल दिसला नाही.''

त्याचे गुडघे तेवढ्या पायऱ्या चढणारे नव्हते. दोघांनाही ते माहीत होतं.

''जा तू,'' तो म्हणाला. ''मी बसतो खाली तुझ्या भावाजवळ.''

ती आणि नर्सबाई कठड्याला धरून वर गेल्या. भिंत खालच्या रांगेत बसला. मेहुण्याने शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढे धरली. दोघांच्या समोर मध्येमध्ये कुणाची तरी डोकी येत होती. शेवटच्या काही मिनिटांत पलीकडच्या टोकाला गलका झाला आणि क्लबाने गोल खाल्ला, एवढंच त्यांना लोकांच्या आवाजावरून कळलं.

सामना क्लब हरला. घरी जाताना भिंत म्हणाला, ''बॅकची चूक. माणूस मोकळा सोडला त्याने.''

''काही नाही. गोलकीपर पार पुढे येऊन उभा होता,'' ती म्हणाली. ''मी वरून पाहिलं.''

''गोलकीपर? अगं, मी आयुष्यभर गोलकीपर होतो...''

''तुम्हाला दिसलं का?''

''नाही दिसलं. पण तिथून कोन बघ ना...''

''मला दिसलं,'' ती म्हणाली.

पुढच्या चौकापर्यंत तो कोन समजावत राहिला. ती त्याच्या काठीच्या वेगाने चालत होती आणि मान हलवून नाही म्हणत होती.